मुक्तिफौजेचे ‘एंजल ट्री’ : पाच नाताळांच्या अनुभवावरून

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, आमच्या रिचमंड शहराच्या बाजूला, नोव्हेंबरच्या मध्यावर काही मोठ्या दुकानांत, पैसे भरण्याच्या रांगांच्या अलीकडे, नाताळचे एक झाड उभे केले जाते आणि त्याच्या फांद्यांना रंगीत गोळ्यांऐवजी कागदी चिठ्ठ्या टांगलेल्या असतात. एकेका चिठ्ठीवर एकेका मुलाचे वय, कपड्यांची मापे आणि मागणे लिहिलेले असते. ज्याला वाटेल त्याने एक चिठ्ठी काढून घ्यावी, तीवरच्या वस्तू विकत आणाव्यात आणि ठरलेल्या तारखेच्या आत त्या चिठ्ठीसह पोहोचत्या कराव्यात, एवढेच त्याचे काम. सॅल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात ती ख्रिस्ती संस्था, हा उपक्रम चालवते. गेली पाच वर्षे मी चिठ्ठ्या घेत आले आहे आणि त्यांतली तीन वर्षे डिसेंबरमध्ये गोदामात स्वयंसेविका म्हणून कामही केले आहे. अमेरिकेत नव्याने आलेल्या, नाताळात आपल्या हातून काही दिले जावे असे वाटणाऱ्या, पण कोणत्या संस्थेकडे जावे हे न उमगलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. तारे द्यायचेच झाले तर पाचांपैकी साडेचार देईन, आणि राखून ठेवलेल्या अर्ध्या ताऱ्याचे कारण पुढे सविस्तर सांगेन.

मी मूळची नगरची. आमच्याकडे बूथ हॉस्पिटल ठाऊक नसलेला माणूस मिळणे कठीण. पण त्या रुग्णालयाला जिचे नाव दिले आहे ती इव्हँजेलिन बूथ कोण होती, हे मला कळले ते व्हर्जिनियात आल्यावर. विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने १८६५ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत ज्या कार्याला आरंभ केला, त्याला १८७८ साली मुक्तिफौज हे नाव मिळाले. इव्हँजेलिन ही त्यांची मुलगी, आणि १९०४ ते १९३४ अशी तीस वर्षे अमेरिकेतल्या मुक्तिफौजेचा सारा कारभार तिच्या हाती होता. मुंबईत तर ही मंडळी १८८२ सालीच उतरली होती. आयसीएसची नोकरी सोडून त्यांचे नेतृत्व करायला आलेल्या फ्रेडरिक टकर यांनी भारतीय वेष आणि ‘फकीर सिंग’ हे नाव स्वीकारले होते. हे सगळे मी आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, तुझ्या मामाचा मोडलेला पाय बूथमध्येच बसवला होता की.” त्या दिवसापासून दुकानातले ते झाड मला परके वाटेनासे झाले.

‘एंजल ट्री’चा उगम मात्र आमच्यापासून मोटारीने दोनेक तासांच्या अंतरावर, लिंचबर्ग येथे झाला. १९७९ साली मुक्तिफौजेचे मेजर चार्ल्स व्हाइट आणि मेजर शर्ली व्हाइट या दांपत्याने तिथल्या एका मॉलच्या साहाय्याने गरजू मुलांना कपडे आणि खेळणी मिळवून देण्याचे ठरवले. (या संस्थेत मेजर, कॅप्टन हे हुद्दे लष्करी नसतात, ते तिच्या धर्मसेवकांचे असतात.) देवदूतांची चित्रे असलेल्या शुभेच्छापत्रांवर त्यांनी एकेका मुलाची गरज लिहिली आणि ती पत्रे मॉलमधल्या झाडाला टांगली, म्हणून झाडाला ते नाव पडले. पहिल्याच वर्षी सातशेहून अधिक मुलांना भेटी मिळाल्या. पुढे व्हाइट दांपत्याची बदली नॅशव्हिलला झाली, तिथल्या एका रेडिओ केंद्राने ही कल्पना उचलून धरली आणि बघता बघता ती देशभर पसरली.

दुकानाच्या दाराशी घंटा वाजवत उभा असलेला स्वयंसेवक आणि त्याच्या शेजारी तिकाटण्याला टांगलेले लाल भांडे, हा याच संस्थेचा त्याहून पुष्कळ जुना उपक्रम. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅप्टन जोसेफ मॅक्फी यांनी हजार गरिबांना नाताळचे जेवण घालण्यासाठी बोटींच्या धक्क्यावर असे पहिले भांडे ठेवले होते. त्या भांड्यात मीही नाणी टाकते. परंतु भांड्यात पैसे टाकताना समोर कोणी मूल नसते, आणि चिठ्ठी हातात घेतली की एक मूल समोर उभे राहते.

पहिल्या वर्षीची चिठ्ठी माझ्याजवळ नाही, कारण ती वस्तूंसोबत परत द्यावी लागते. पण तिच्यावरचा मजकूर मला पाठ आहे. मुलगा, वय नऊ. शर्ट दहा-बारा, पँट दहा, बूट चार. गरज : जाड कोट, मोजे. इच्छा : सॉकरचा चेंडू, रंगीत खडू. खाली एक क्रमांक. एवढ्या चार ओळींवरून मूल थोराड अंगाचे आहे, बाहेर खेळणारे आहे आणि घरात बसून चित्रेही काढणारे आहे, हे कळते. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दुकानात खडूंची पेटी तिच्याच हातात होती, आणि रांगेत उभे असताना ती म्हणाली, “आई, त्याने खडू मागितलेत, पण कागद कुठे मागितलाय?” आम्ही रांग सोडून परत गेलो आणि चित्रकलेच्या दोन वह्या घेतल्या. त्यानंतर दर वर्षी मी चिठ्ठीवर जे लिहिलेले नाही तेही वाचायचा प्रयत्न करते. रिमोटवर चालणारी मोटार मागितली असेल तर बॅटऱ्या, सायकल मागितली असेल तर हेल्मेट, बाहुली मागितली असेल तर तिच्यासाठी एखादा जास्तीचा पोशाख.

नव्याने देणाऱ्यांसाठी मापांविषयी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण दुसऱ्या वर्षी माझ्याच हातून ती चूक झाली होती. अगदी लहान मुलांच्या कपड्यांत ‘४’ आणि ‘४टी’ ही दोन मापे वेगवेगळी असतात. ‘टी’ असलेला कपडा लंगोटाला जागा राहील अशा बेताने शिवलेला असतो. मी ‘४’ वाचून ‘४टी’ उचलले होते. कपडे जमा करताना टेबलाशी बसलेल्या आजींनी मापाचा कागद बोटाने दाखवला आणि कपडे बदलून आणायला अजून दोन दिवस आहेत, असे शांतपणे सांगितले. वस्तू इतक्या बारकाईने तपासून घेणारी व्यवस्था मी दान घेणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी पाहिलेली नाही. मला एका चिठ्ठीमागे साधारण सव्वाशे डॉलर खर्च येतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक कोट आणि बूट यांतच जातो. ज्यांना दुकानांत फिरणे शक्य नाही त्यांना काही मुलांच्या याद्या वॉलमार्टच्या संकेतस्थळावरही मिळतात, पण शक्य असेल त्यांनी झाडापाशी जावे, आणि मुलांना बरोबर न्यावे.

आता या उपक्रमातला जो नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो त्याकडे येते. भेटवस्तू कागदात गुंडाळायच्या नाहीत. पहिल्या वर्षी मला हे खटकले होते. नाताळची भेट म्हणजे चमकदार कागद आणि फीत, असे चित्र माझ्या मनात होते, आणि ती बांधण्याचा आनंद आपल्याला का मिळू नये, असे वाटले होते. संस्थेला वस्तू तपासाव्या लागतात, हे एक कारण. खरे कारण मला गोदामात उभे राहिल्यावर समजले. या वस्तू मुलांना संस्था देतच नाही. त्या आईवडिलांच्या हाती दिल्या जातात, मुलांच्या पाठीमागे. आईवडील त्या घरी नेतात, कुठेतरी वर कपाटात लपवतात, रात्री मुले झोपल्यावर कागदात बांधतात, आणि नाताळच्या सकाळी मूल जेव्हा ते पुडके उघडते तेव्हा ते त्याच्या आईने, बापाने, नाहीतर सांताक्लॉजने आणलेले असते. देणाऱ्याचे नाव त्यात कुठेच येत नाही. मुलाचे पूर्ण नाव आणि पत्ता मला कळत नाही, आणि माझे नाव त्याला कळत नाही.

याचे मोल मला ज्या प्रसंगामुळे कळले तो सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वेगळ्या संस्थेच्या भेटवाटपाला मी मदतीसाठी गेले होते. संस्थेचे नाव घेत नाही. सभागृहात व्यासपीठ होते, मागे फलक होता, आणि एकेका मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावर पुकारून त्याला वर बोलावले जात होते. देणगीदार त्याच्या हातात खोका ठेवत, दोघे कॅमेऱ्याकडे बघत आणि छायाचित्र निघे. भिंतीला टेकून उभे असलेले वडील मी पाहत होते. त्यांच्या मुलाला त्या दिवशी कोणीतरी काहीतरी दिले, आणि देणारे ते नव्हते. हे मुलाने पाहिले, आणि मुलगा ते पाहतो आहे हे त्यांनीही पाहिले. खोक्यातली वस्तू चांगली होती, खाऊही भरपूर होता, आणि मंडळींच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. पण त्या खोक्यासोबत घरात काय गेले असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे दिवाळीला फराळ आणि कपडे वाटले जातात, तेव्हाही अशीच छायाचित्रे निघतात आणि ती वर्तमानपत्रांत छापून येतात. आपल्यातलाच दोष आहे, म्हणून तो इथे लिहिते.

गोदामाची व्यवस्था थोडक्यात सांगते. डिसेंबरपुरते मोठे आवार घेतलेले असते, जमिनीवर पट्ट्या आखून ओळी पाडलेल्या असतात, आणि प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक व त्यातल्या प्रत्येक मुलाला एक उपक्रमांक असतो. आलेली पिशवी उघडायची, यादीशी ताडून पाहायची, काही कमी असेल तर दान म्हणून आलेल्या खेळण्यांच्या ढिगातून भर घालायची आणि कुटुंबाच्या जागी नेऊन ठेवायची. एकाच घरातल्या भावंडांच्या पिशव्या शेजारी ठेवून त्यांचा अंदाज घ्यायला आम्हाला शिकवले होते, म्हणजे थोरल्याला सायकल आणि धाकटीला नुसते मोजे असे व्हायला नको. काही चिठ्ठ्या लोक झाडावरून घेऊन जातात आणि परत कधीच येत नाहीत. इथे अशा मुलांना ‘फरगॉटन एंजल्स’, विसरलेले देवदूत, म्हणतात. त्यांच्या पिशव्या संस्थेला ऐन वेळी स्वतः भराव्या लागतात. म्हणून कळकळीने सांगते : निभवता येणार नसेल तर चिठ्ठी फांदीवरून काढू नका. झाडावर राहिली तर दुसरे कोणीतरी ती घेईल. तुमच्या पाकिटात राहिली तर कोणालाच ती दिसणार नाही.

वाटपाच्या दिवशी पालक आपल्या क्रमांकाचा कागद घेऊन येतात. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे पिशव्या गाडीपर्यंत नेऊन देण्याचे काम होते. कामाच्या गणवेशातच आलेली एक आई होती. तिने गाडीची डिकी उघडली, पिशवीत हात घालून निळा कोट बाहेर काढला, आणि त्याचा खांदा स्वतःच्या खांद्याला लावून बाही आपल्या हातावर खालपर्यंत ताणून धरली. कोटाची बाही तिच्या मनगटाच्या हाडाच्या किंचित वर संपत होती. आपल्या मुलाचा हात आपल्या हातावर कुठपर्यंत येतो हे तिला बरोबर ठाऊक होते. तिने मान हलवली, कोट घडी घालून पुन्हा ठेवला, आणि बाजारातून आणलेल्या सामानाच्या पिशव्या त्याच्यावर रचून तो झाकून टाकला. नंतर तिने मला विचारले ते एवढेच, की गुंडाळायचा कागद इथे मिळतो का. एका टेबलावर कागदाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या होत्या. तिने लाल निवडला.

नाव सारखे असल्यामुळे लोकांचा घोटाळा होतो, म्हणून एक खुलासा करते. ‘प्रिझन फेलोशिप’ या ख्रिस्ती संस्थेचाही ‘एंजल ट्री’ नावाचा उपक्रम आहे आणि तो वेगळा आहे. मेरी के बीअर्ड या बाईंनी स्वतः तुरुंगवास भोगला होता. तुरुंगातल्या स्त्रिया नाताळात मिळणारे साबण, टूथपेस्ट, शाम्पू स्वतः न वापरता साठवून ठेवतात आणि भेटीला आलेल्या आपल्या मुलांना देतात, हे त्यांनी पाहिले होते. सुटून आल्यावर १९८२ साली त्यांनी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात कैद्यांच्या मुलांसाठी झाड उभे केले. त्यात भेट चर्चमधील लोक आणतात, पण मुलाला ती तुरुंगातल्या आईच्या किंवा वडिलांच्या नावाने दिली जाते. या दोन्ही उपक्रमांचा गाभा एकच आहे : पैसा कोणाचाही असो, देणारा हात आईबापाचाच दिसला पाहिजे.

‘सॅमॅरिटन्स पर्स’ या संस्थेचा बुटांच्या खोक्यांचा उपक्रम इथल्या चर्चमध्ये आणि शाळांमध्ये अधिक ठाऊक आहे. खोक्यात खेळणी, वह्या, पेन्सिली, साबण भरायचे, मुलगा की मुलगी आणि वयोगट कोणता याची खूण करायची, आणि ते खोके दूरदेशीच्या मुलाकडे जाते. १९९३ पासून वीस कोटींहून अधिक खोकी गेली आहेत, आणि हा व्याप सांभाळणे सोपे नाही. मीही एकदा खोके भरले आहे, मुलांना ते भरायला फार आवडते, यात शंका नाही. तरी माझी पसंती झाडाला आहे. खोके कोणत्याही मुलाला चालेल असे भरावे लागते, तर चिठ्ठीवर एकाच मुलाच्या बुटाचा नंबर असतो. दुसरे असे की त्या खोक्यांसोबत पुष्कळ ठिकाणी येशूच्या गोष्टीची पुस्तिका दिली जाते आणि पुढे बारा धड्यांच्या धर्मशिक्षणाचे आमंत्रणही असते. संस्था हे लपवत नाही, उलट तोच आपला हेतू आहे असे सांगते. श्रद्धावान ख्रिस्ती देणाऱ्याला ते योग्य वाटेल. आपल्या भेटीसोबत उपदेश जावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो जाऊ नये असे वाटते.

मग मुक्तिफौजेचे काय, असा प्रश्न आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. मुक्तिफौज हे धर्मपीठच आहे, आणि येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा प्रसार हे तिच्या घोषित ध्येयाचा भाग आहे. त्याच ध्येयात भेदभाव न करता माणसाच्या गरजा भागवण्याचेही वचन आहे. मी गेल्या पाच वर्षांत हाताळलेल्या एकाही चिठ्ठीवर मुलाचा धर्म लिहिलेला नव्हता, आणि गोदामातल्या कोणत्याही यादीत तसा रकाना मी पाहिला नाही. आमच्या पाळीत सकाळी एक छोटी प्रार्थना होत असे. तिच्यात उभे राहण्याची सक्ती कोणावर नव्हती, मी हात जोडून उभी राहत असे. समलैंगिकांविषयीच्या तिच्या धार्मिक भूमिकेवर अमेरिकेत अनेक वर्षे टीका होत आली आहे, आणि आपली सेवा सर्वांसाठी खुली असल्याचे उत्तर संस्था देत आली आहे. त्या कारणास्तव दुसरी संस्था निवडणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. माझ्यापुरते मी जे डोळ्यांनी पाहिले ते इथे लिहिले आहे.

राहिला अर्धा तारा. या व्यवस्थेची घडणच अशी आहे की तिला वेळ लागतो : पालकांची नोंदणी बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि मुलांचे जन्मदाखले दाखवावे लागतात, आणि त्यानंतर चिठ्ठ्या लिहिल्या जातात. खोट्या नोंदींना आळा घालण्यासाठी हे लागते, हे मला कबूल आहे. पण ज्या घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी नोव्हेंबरात जाते त्या घराला या झाडावर सहसा जागा मिळत नाही. ज्या आईला कामावरून सुट्टी मागणे परवडत नाही, तिला कागदपत्रे घेऊन दिवसाढवळ्या रांगेत उभे राहणेही परवडत नाही. यावर उपाय काय, हे दुरून सांगणे सोपे आहे, तरी संध्याकाळच्या वेळी आणि शाळांमध्ये जाऊन नोंदणी केली तर पुष्कळ फरक पडेल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याहून मनाला लागणारी गोष्ट वयाची आहे. शाखेनुसार नियम बदलतात, पण पुष्कळ ठिकाणी बारा वर्षांनंतर मूल या यादीतून बाहेर पडते. तेरा वर्षांच्या मुलाला थंडी कमी वाजत नाही, आणि आपल्या घरात पैसे नाहीत हे त्याला आठ वर्षांच्या भावापेक्षा कितीतरी अधिक कळते. त्या सकाळी धाकट्यांची पुडकी उघडताना तो शेजारी बसून असतो. आणि बाराच्या आतले मोठे मूल यादीत असले तरी त्याची चिठ्ठी लवकर उचलली जात नाही. लोकांचा हात बाहुल्या आणि मोटारी मागणाऱ्या लहानग्यांकडे आधी जातो. अकरा वर्षांची मुलगी केस विंचरायचा ब्रश, हेडफोन आणि मोठ्या बाईच्या मापाची जीन्स मागते, तेव्हा तिची चिठ्ठी वाचून लोक पुन्हा फांदीला अडकवतात. मी स्वतःही पहिली दोन वर्षे तेच केले. आता आमच्या घरी ठरले आहे की झाड उभे राहिल्यावर पहिल्या आठवड्यात जायचे नाही. डिसेंबर लागता लागता जायचे, फांद्यांवर ज्या राहिलेल्या असतील त्यांतल्या दहा-अकरा-बारा वयाच्या दोन चिठ्ठ्या घ्यायच्या, आणि परत देण्याची तारीख जवळ आलेली असते म्हणून त्याच दिवशी खरेदी उरकायची. माझी मुलगी आता स्वतः तेरा वर्षांची आहे, त्यामुळे त्या चिठ्ठ्यांवरच्या जीन्स तीच निवडते आणि मी फक्त माप तपासते.